जुना कॉम्प्युटर: विंडोज ११ साठी नवा घ्यावा की त्यावरच लिनक्स मिंट टाकावं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा-अपडेट बंद झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट मशीनं अडकली आहेत, आणि सोलापुरात ती दुकानाच्या गल्ल्यावर, कारखान्याच्या ऑफिसात आणि मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर अजून रोज चालतात. त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकता येते. म्हणून मशीनं भंगारात काढण्याआधी तीन गोष्टी बघा: हिशेब, प्रिंटर आणि जुन्या मराठी फाइली.

हिशेब टॅलीत असेल तर विंडोज सोडू नका. टॅलीची लिनक्स आवृत्ती नाही, आणि वाईन या विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनातून ती चालवून धंद्याचा हिशेब टांगणीला लावण्यात अर्थ नाही. कंपनीचं जीएसटी रिटर्न डिजिटल सहीच्या टोकननं भरायचं असेल तरीही विंडोजच सोयीचं. एकट्या मालकीच्या दुकानाला ओटीपीवर रिटर्न भरता येतं. तिथे मिंटमधला फायरफॉक्स पुरतो. घरखर्चासाठी लिबरऑफिस कॅल्क हे एक्सेलसारखं मोफत साधन भरपूर झालं.

बहुतेकांचं घोडं अडतं ते प्रिंटरपाशी. एचपीचे लेझरजेट १०२० आणि पी१००७ चालू केल्यावर स्वतःचं फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्राम) दर वेळी कॉम्प्युटरकडून घेतात. म्हणून मिंटमध्ये प्रिंटर यादीत दिसतो, पण कागद हलत नाही. इंटरनेट जोडून टर्मिनल या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत 'hp-plugin' ही आज्ञा द्या, अटी मान्य करा, प्रिंटर बंद-चालू करा. कॅननच्या एलबीपी २९०० चं काम मात्र जिकिरीचं: त्याचा लिनक्स ड्रायव्हर जुना आहे आणि नव्या आवृत्त्यांवर प्रिंट अनेकदा रांगेतच अडकते. तो बदलायचा नसेल, तर आमच्या मते विंडोजच ठेवा.

श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या फाइलींत अक्षरं मुळात इंग्रजी संकेतांची असतात, फक्त फाँट त्यांना देवनागरी रूप देतो. फाँट नसला की मजकूर निरर्थक दिसतो. मिंटवर जाण्याआधी त्या विंडोजवरच युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या मराठीत, बदलून घ्या. फ्लेक्सचं काम कोरलड्रॉत होत असेल तर इंकस्केप या लिनक्सवरच्या डिझाइन-प्रोग्रामच्या भरवशावर राहू नका. कोरलची फाइल उघडली तरी मजकूर आणि इफेक्ट बिघडतात. वर्डची फाइल लिबरऑफिसमध्ये उघडते, पण मंगल फाँट नसल्यानं ओळी सरकतात आणि दोन पानांचा अर्ज तीन पानांवर जातो. बाहेर पाठवताना पीडीएफच पाठवा.

नव्या टायपिंगला मिंट उत्तम आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट म्हणून मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाणित कळरचना) जोडा, शेजारी तेलुगू आणि कन्नडही. तिन्हींत 'क'ची कळ एकच, 'त'ची एकच. घरात मराठी-तेलुगू किंवा मराठी-कन्नड दोन्ही चालणाऱ्या सोलापूरकरांना एकदा बसलेला हात दोन्ही लिप्यांत कामाला येतो. उर्दूचा लेआउट वेगळा शिकावा लागतो.

रॅम ४ जीबी असेल तर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ८ जीबीला सिनॅमन ही मुख्य आवृत्ती. जुनी हार्ड डिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी बसवली की मशीनचा वेग जेवढा वाढतो, तेवढा नुसतं मिंट टाकून वाढत नाही. खर्च करायचाच तर आधी तिथे करा.

इन्स्टॉल करण्याआधी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजमधून रुफस या मोफत प्रोग्रामनं मिंट लिहा. मशीन चालू होताना डेल-लेनोव्होवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९ दाबून पेनड्राइव्हवरूनच सुरू करा. डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी टायपिंग तपासता येतं. वायफाय दिसलं नाही तर मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग करा आणि मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर चालवा.

विंडोज आणि मिंट दोन्ही ठेवायचे असतील तर आधी फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. नाहीतर मिंटमधून विंडोजच्या फाइली वाचता येतात, बदलता येत नाहीत. डिस्कवरचा विंडोजचा भाग (पार्टिशन) लहान होत असताना वीज गेली तर डेटा जाऊ शकतो, म्हणून डेस्कटॉप यूपीएसवर ठेवूनच हे काम सुरू करा.