उभी दुनळी की आडवी? जुनी डबल रायफल घेणाऱ्यांसाठी

जर्मनीत शिकारीचं लायसन काढलेली मराठी मंडळी आता बऱ्यापैकी झालीयत आणि त्यातल्या कुणाला ना कुणाला कधीतरी जुनी डबल, म्हणजे दोन नळ्यांची, रायफल घ्यायची हुक्की येतेच. मग फोन येतो, "दादा, एकावर एक नळ्यावाली घेऊ का शेजारीशेजारीवाली?" मी दोन्ही वापरल्यात. उभी, म्हणजे एकावर एक नळ्यांची, होती जर्मनीतल्या झूल गावची, आडवी, म्हणजे शेजारीशेजारीवाली, आहे ऑस्ट्रियातल्या फेर्लाखची, दोन्ही महायुद्धांच्या मधल्या काळातल्या आणि दोन्ही ९.३×७४ आर याच काडतुसाच्या, त्यामुळे तुलना निदान एकाच तराजूत होते. कॅलिबर, वजन, किंमत वगैरे तुम्ही बघितलंच असेल, त्यात वेळ घालवत नाही.

कारागिरीत उभी दुनळी वरचढ, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे आडवीत कारागिरी नसते असं नाही, पण उभीत कारागिराला मुळातच जास्त अवघड गणित सोडवावं लागतं. नळ्या एकावर एक रचल्या की वरची नळी बिजागरीपासून बरीच उंच जाते, आणि ती उडाली की सगळा जोर रायफल उघडायच्या दिशेनं लागतो. नुसत्या खालच्या खाचांवर हे धरून ठेवायचं म्हणजे फ्रेम (नळ्या मागून ज्या पोलादी सांगाड्यात बसतात तो) जाड करा, खोल करा. झूलच्या लोकांनी, विशेषतः १८९८ साली सुरू झालेल्या मेर्केल बंधूंच्या कारखान्यानं, यावर केर्स्टेनचं कुलूप मनापासून स्वीकारलं. वरच्या नळीच्या दोन्ही बाजूंना पोलादाचे दोन कान मागे काढलेले असतात, रायफल मिटली की ते फ्रेमच्या खांद्यातल्या घरात जाऊन बसतात आणि त्यांच्या भोकांतून आडवी खीळ सरकते. खाली नळीच्या पोटालाही दोन खाचा असतातच. म्हणजे वर दोन आणि खाली दोन, अशा चार जागा एकाच वेळी टेकायला पाहिजेत, तीन टेकल्या आणि चौथी केसभर लांब राहिली तर तिचा उपयोग शून्य.

आता हे त्या काळात करायचे कसे, तर दिव्याच्या काजळीवर. कान काजळीनं काळे करायचे, रायफल मिटायची, उघडायची, जिथं काजळी पुसली गेली तिथं धातू टेकतोय, तेवढाच कानशीनं एक हात मारायचा, पुन्हा काजळी. हे दिवसेंदिवस चालायचं. चांगल्या झूलच्या रायफलीत मिटल्यावर कानांच्या कडा फ्रेममध्ये अशा मिसळतात की नक्षीची ओळ कानावरून फ्रेमवर न तुटता जाते, नखाला सांधा लागत नाही. मला जुन्या रायफलीतली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते, ओकच्या पानांचं खोल कोरीवकाम आणि हरणं-डुकरं त्याच्या नंतर.

इंग्रजांनी हाच प्रश्न वेगळ्या बाजूनं सोडवला. लंडनच्या बॉस कंपनीत जॉन रॉबर्टसननं १९०९ साली जी उभी दुनळी काढली तिच्यात नळीच्या पोटाखालचे खाचांचे ठोकळेच काढून टाकले आणि बिजागरी नळीच्या दोन बाजूंना नेली, त्यामुळे फ्रेम एकदम उथळ झाली. १९१३ ला वुडवर्डनं त्याच वाटेवरची आपली काढली, पुढं दुसऱ्या महायुद्धानंतर पर्डीनं वुडवर्डच घेतली. पण या मुख्यतः छऱ्याच्या बंदुका. इंग्लंडात उभ्या डबल रायफली फारच थोड्या झाल्या, आणि ज्या आहेत त्या आपल्यासारख्यांच्या बजेटमध्ये येत नाहीत, म्हणून व्यवहारात उभी म्हणजे झूल किंवा फेर्लाख आणि बहुतेक वेळा केर्स्टेनचे कान, असंच समजून चला.

इंग्रज रायफलकारांचं मन आडवीतच होतं आणि त्यात हिंदुस्थानचा मोठा वाटा आहे. वाघ, गवा, हत्ती यांच्यासाठी संस्थानिक आणि साहेब लोक आडव्या डबलच मागवायचे. १९०७ च्या सुमारास सरकारनं हिंदुस्थानात .४५० बोअरच्या काडतुसांवर बंदी आणली, कारण बंडखोरांकडच्या मार्टिनी-हेन्री रायफली त्याच बोअरच्या होत्या, आणि त्या बंदीपायी .४७०, .४६५ अशी नवी काडतुसं जन्माला आली. आज लिलावात दिसणाऱ्या कितीतरी आडव्या इंग्रज डबल त्या मागणीतून आलेल्या आहेत. आडवीचं यंत्रही लवकर पक्कं झालं, १८७५ चं अॅन्सन आणि डीली यांचं बॉक्सलॉक, म्हणजे फ्रेमच्या आतच बसवलेलं गोळी उडवायचं यंत्र, अजून तसंच चालतंय, भाग कमी, बिघडलं तर कुठलाही जाणता गनस्मिथ उघडून बसतो. उभीत फायरिंग पिना तिरक्या बसवाव्या लागतात, आतली जागा चिंचोळी, तिथं हात घालायला तयार होणारे गनस्मिथ आता कमी उरलेत.

नेमबाजीबद्दल बोलायचं तर उभीच्या बाजूनं बरंच काही आहे. आडवीत उजवी नळी उडाली की रायफल थोडी उजवीकडे वळते, डावी उडाली की डावीकडे, म्हणून नळ्या पुढं एकमेकींकडे झुकवून डाख लावलेला असतो आणि ठरावीक अंतरावर दोन्ही गोळ्या एकत्र येतात, त्याच्या फार पुढं गेल्या की एकमेकींना ओलांडतात. उभीत ही बाजूची ओढाताण नाही, जे काही आहे ते वर-खाली. खालची नळी दस्त्याच्या रेषेच्या जवळ असते म्हणून ती उडाल्यावर तोंड कमी उचलतं, सहसा पहिला चाप खालच्याच नळीचा असतो, त्यामुळे दुसऱ्या गोळीला नेम लवकर परत येतो. डोळ्यापुढं एकच अरुंद नळी दिसते, क्ले शूटिंग (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेमबाजी) उभ्या बंदुकीनं शिकलेल्याला तर घरच्यासारखं वाटतं. माझ्या हातात तरी उभीचा निशाणा आडवीपेक्षा बरा बसायचा, हे मान्य करायलाच पाहिजे. तुमच्या हातात उलटं होऊ शकेल.

एवढं सगळं असून माझ्या कपाटात आज आडवीच आहे, आणि त्याचं कारण एकच, उभी रायफल भरणं.

हे दुकानात कळत नाही. दुकानात आपण उभे असतो, टेबल मोकळं असतं, रायफल झोकात उघडतो आणि आतले चकचकीत चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, बघून खूश होतो. नोव्हेंबर-डिसेंबरच्या हाक्यात तुम्ही लाकडी मचाणावर बसलेले असता, चारी बाजूंनी कंबरेएवढं लाकडी कठडं, अंगावर जाड लोकरी कोट, हातात मोजे, मांडीवर रायफल. उभीतली खालची नळी फ्रेमच्या भिंतीच्या वर येईपर्यंत रायफल उघडावी लागते, आडवीपेक्षा खूपच जास्त, आणि ९.३×७४ आर चं भरलेलं काडतूस जवळजवळ साडेनऊ सेंटिमीटर लांब, छऱ्याच्या काडतुसासारखं आखूड नाही, त्यामुळे ते आत जायला कोनही सरळ लागतो. नळ्यांचं तोंड खाली जातं ते कठड्याला आपटतं, नाहीतर गुडघ्यांच्या मध्ये शिरतं, दस्ता वर उठून काखेत अडकतो. लाकडावर पोलाद लागल्याचा तो आवाज थंडीच्या जंगलात किती लांब जातो हे एकदा ऐकलं की विसरत नाही.

मग ते कान. ज्यांचं मी वर एवढं कौतुक केलं तेच दोन कान उघड्या रायफलीत वरच्या चेंबरच्या दोन्ही बाजूंना शिंगांसारखे उभे असतात. डबल रायफलीत इजेक्टर (रिकामं काडतूस आपोआप बाहेर फेकणारा भाग) बरेच जण मुद्दाम घेत नाहीत, काडतूस फक्त थोडं वर उचललं जातं आणि बाकी बोटांनी काढायचं. वरचं रिकामं काडतूस या दोन कानांच्या मधून चिमटीत पकडायचं, मोजा कानाच्या कोपऱ्याला अडकतो, मोजा काढला तर अंगठ्याला गार कडा लागते. त्यात दुर्बीण चढवलेली असेल तर तिचं मागचं टोक नेमकं त्याच जागेच्या वर. खालचं काडतूस काढायला बोटं आणखी आत. आणि दोन गोळ्या झाडून झाल्यावर डुकरांचा कळप अजून समोरून जात असतो, तेव्हा हे सगळं करायचं.

आडवीतही दोन नळ्यांच्या मधून, त्यांना जोडणाऱ्या पट्टीचं एक शेपूट मागे आलेलं असतं, पण ते मधोमध असतं आणि दोन्ही काडतुसांना बाहेरच्या बाजूनं हात घालता येतो. दोन्ही चेंबर एकाच उंचीवर, थोडीशी उघडली की काम झालं, दोन काडतुसं एकाच मुठीत धरून एकदम टाकता येतात. इथं नियमही असा आहे की मचाणाची शिडी चढता-उतरताना रायफल रिकामीच पाहिजे आणि भरायची ती जागेवर बसल्यावरच, म्हणजे गोळी एकही झाडली नाही तरी उघडणं-मिटणं होत राहतं. जी कटकट दर वेळी होते ती नेमबाजीतल्या थोड्या फायद्यापेक्षा मला जास्त जाणवली. चालताना आडवीची उथळ फ्रेम एका हातात छान मावते हा आणखी एक फायदा, पण तेवढ्यावर मी निर्णय घेतला नसता.

उघड्या शूटिंग रेंजवर वापरणार असाल, किंवा मुख्यतः संग्रह म्हणून घ्यायची असेल, किंवा तुमच्याकडे प्रशस्त बंद मचाण असेल तर माझी ही तक्रार तुम्हाला लागू नाही, मग उभी घ्या आणि त्या कानांचं काम रोज बघा. आणि आडवीचे तोटेही लक्षात असू द्या. पुढचा लाकडी तुकडा बारका असतो, पकड नळ्यांवरच येते, हिवाळ्यात ते पोलाद गार लागतं. दोन नळ्यांची रुंदी लांबच्या निशाण्याचा खालचा भाग झाकते.

घेताना काय बघायचं ते दोन्हींना सारखंच आहे, थोडक्यात सांगतो. नळ्या फ्रेमपासून सोडवून बोटावर टांगा आणि नखानं टिचकी मारा, घंटेसारखा स्वच्छ आवाज आला तर डाख शाबूत, भसभस आली तर कुठंतरी पट्टी सुटलीय. नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर मुकुटाखाली 'एन' असेल तर १९३९ च्या कायद्याआधीची नायट्रो, म्हणजे बिनधुराच्या दारूची, चाचणी, गरुड असेल तर त्यानंतरची, आणि बऱ्याच जर्मन नळ्यांवर महिना आणि साल आकड्यांत ठोकलेलं असतं, विकणारा काहीही सांगो. 'बोलर अँटिनिट' किंवा 'क्रुप' असं पोलादाचं नाव दिसलं तर उत्तम. उभीत मिटलेली रायफल दिव्यासमोर धरून कानांच्या मागून उजेड येतो का बघा. मूळ दुर्बीण नसेल आणि पट्टीवर दुर्बीण अडकवायच्या पंज्यांच्या नुसत्या खाचा असतील तर भाव पाडून मागा, कारण ते पंजे एकेका रायफलीला हातानं बसवलेले असतात आणि नव्या दुर्बिणीला पुन्हा तेवढीच मजुरी पडते. आणि रायफलीच्या दोन्ही नळ्यांचा नेम कुठल्या गोळीवर जुळवला होता हे विचारा, १८.५ ग्रॅमच्या गोळीवर जुळवलेली रायफल हलक्या गोळीला दोन्ही नळ्यांतून वेगवेगळीकडे नेऊ शकते. जुनी टार्गेटं असतील तर मागून घ्या.

आणि पैसे द्यायच्या आधी एवढं कराच. विकणाऱ्याकडून दोन डमी काडतुसं मागा, अंगात शिकारीचा कोट घाला, मोजे चढवा, दुर्बीण लावा, हाताच्या खुर्चीत बसा आणि रायफल मांडीवर घेऊन न उठता, न बघता भरा आणि रिकामी करा. उभी घेऊन केलं की लगेच आडवी घेऊन करा, शक्यतो एकाच दुकानात, एकाच बैठकीत.