सरासरी वेग: सूत्र की एकूण अंतर ÷ एकूण वेळ?

जाताना ताशी ४० किमी, येताना ६०. सरासरी ५० नव्हे. कमी वेगात जास्त वेळ जातो.

वेळ वाचवायचा तर सूत्र, २अब ÷ (अ + ब), जिथे अ आणि ब हे दोन वेग: ४८०० ÷ १०० = ४८. दुसऱ्या रीतीत, म्हणजे एकूण अंतर ÷ एकूण वेळ, एका बाजूचं अंतर ४० आणि ६० चा लसावि १२० धरा: ३ + २ तास, २४० ÷ ५ = ४८. एक ओळ जास्त, एवढंच.

चुकतं कुठे? ८० किमी ४० ने, १८० किमी ६० ने गेल्यास सूत्र तरीही ४८ देतं; खरं उत्तर २६० ÷ ५ = ५२. वाटेतला थांबाही सूत्रात बसत नाही, दुसऱ्या रीतीत तो वेळेत मिळवायचा.

स्पर्धा परीक्षेत, दोन्ही अंतरं समान असल्याची खात्री असेल तरच सूत्र. शाळेत आणि बाकी सगळीकडे दुसरी रीत.