ट्रॉलीचे इपॉक्सी जॉइंट, आठ महिन्यांनंतर

सायकलमागे लावायची ट्रॉली घरीच बनवली, ॲल्युमिनियमचे पाइप आणि त्यांच्या आत बसणारे स्लीव्ह (जोडणीचे छोटे पाइप), वेल्डिंग येत नाही म्हणून सगळे जॉइंट दोन भाग मिसळून लावायच्या इपॉक्सी गोंदाने चिकटवले. पहिल्या खेपेचे चार जॉइंट तीन आठवड्यांतच सुटले, आणि सुटलेले बघितले तर गोंद सगळा एकाच बाजूला, दुसरीकडे धातू लख्ख. म्हणजे गोंद तुटलाच नव्हता, त्याने धातूला धरलंच नव्हतं.

चूक माझीच, 400 नंबरच्या बारीक सँडपेपरने थोडंसं घासलं आणि पुसलं नंतर. आधी पुसायचं असतं हो! नाहीतर पाइपवरचं तेल घासताना त्याच ओरखड्यांत जाऊन बसतं. आता आधी ॲसिटोन (तेल विरघळवणारं द्रव) लावून पुसायचं, पांढरं फडकं स्वच्छ निघेपर्यंत (खिडकी उघडी, जवळपास आग नको), मग 80 नंबरचा खरखरीत पेपर आडवा-उभा, चमक पूर्ण जाईपर्यंत, मग नवीन फडक्याने परत ॲसिटोन आणि त्यानंतर बोट लावायचं नाही. खात्री करायला पाणी ओतून बघतो, पाण्याचा सलग पातळ थर राहिला तर ठीक, थेंब थेंब झाले तर तेल अजून आहे, पुन्हा पहिल्यापासून.

पाणी सुकलं की लगेच चिकटवायचं, कारण ॲल्युमिनियमवर हवेने ऑक्साइडचा थर लगेच चढायला लागतो. मी तर आधी इपॉक्सीचा पातळ हात देऊन त्या ओल्यातच पेपर फिरवतो, नवीन उघडा पडलेला धातू हवेला लागतच नाही. मला सगळ्यात जास्त फरक यानेच पडला असं वाटतं. स्टील वूल (घासायचा लोखंडी तारांचा गुंता) मात्र नको, त्याला बऱ्याचदा तेल असतं आणि लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात.

पाइप आतून घासणं हे खरं कंटाळवाणं काम, काठीला चीर पाडून त्यात पेपर अडकवला आणि ड्रिलवर फिरवला, तरी एका टोकाला वीस मिनिटं जातात. स्लीव्ह अगदी घट्टही नको, गोंदाला जागा लागते, सगळा बाहेर ढकलला गेला तर आत काय उरणार.

मागच्या महिन्यात डिझाइन बदलायचं म्हणून नवीन पद्धतीचा एक जॉइंट हीट गनने तापवून मुद्दाम ओढून काढला, तर गोंद दोन्ही बाजूंना चिकटलेला, मधूनच फाटला होता, इतकं बरं वाटलं! पावसात-खड्ड्यांत बाकीचे अजून हललेले नाहीत. फक्त हुकची सपाट पट्टी कडेने उचलली जायला लागली होती, तिथे ओढ उकलल्यासारखी येते आणि इपॉक्सीला ती झेपत नाही, म्हणून त्या कडेला दोन रिव्हेट मारलेत.