पहिली जिऑलॉजी फील्ड ट्रिप: वेताळ टेकडी की निघोज?

पुण्यातल्या कॉलेजात एफ.वाय.च्या मुलांना पहिल्यांदा खडक दाखवायला न्यायचं म्हटलं की दोन नावं हमखास निघतात. एक निघोजचे रांजणखळगे, म्हणजे नदीने कातळात कोरलेले रांजणासारखे खोल खड्डे, दुसरी शहरातलीच वेताळ टेकडी. मुलांना विचारलंत तर ती निघोजच म्हणणार. माझा कौल मात्र टेकडीला आहे.

निघोजची बाजू आधी. पारनेर तालुक्यात कुकडीच्या पात्रात हे खळगे आहेत. पलीकडच्या काठाला शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी. पुराबरोबर आलेले दगडगोटे कातळातल्या खोलगट जागी अडकतात, भोवऱ्यात गरगरत राहतात आणि कातळ खरवडत खाली जातात. शेजारचे दोन खळगे वाढत जाऊन एकमेकांना मिळाले की मधली भिंत जाते आणि पात्र खोल होतं. वर्गात फळ्यावर हे सांगायला तास लागतो. तिथे काठावर उभं राहिलं की दोन मिनिटांत कळतं. नदीचं कार्य हाच तुमचा विषय असेल, किंवा भूगोलाची मुलं सोबत असतील, तर निघोजलाच जा.

पण हिशोब मांडून बघा. जायला-यायला मिळून चार-पाच तास बसमध्ये जातात, जेवणाची सोय बघावी लागते, पालकांची संमतीपत्रं गोळा करावी लागतात. पावसाळ्यात तर नावच काढू नये. उन्हाळ्यातसुद्धा काही खळग्यांत खोल पाणी असतं आणि कडा गुळगुळीत असतात. चाळीस मुलांमागे दोनच शिक्षक असले तर सगळा वेळ ‘मागे या, मागे या’ म्हणण्यात जातो. खडकाकडे बघायचं राहूनच जातं.

टेकडीवर खळग्यांसारखं नजरेत भरणारं काही नाही. पहिल्या ट्रिपला तेच सोयीचं पडतं, कारण मुलांना दगड हातात घ्यावा लागतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर इथे पायाखाली आहेत. लाव्हाप्रवाहाचा माथा लवकर थिजतो, वायूचे बुडबुडे तिथेच अडकतात आणि त्या पोकळ्यांत पुढे पांढरी खनिजं भरतात. मधला भाग सावकाश निवतो, म्हणून घट्ट आणि काळा असतो. चढताना घट्ट बेसॉल्ट (लाव्हा थिजून झालेला काळा खडक) कुठे संपला आणि पांढऱ्या ठिपक्यांचा कुठे सुरू झाला एवढंच वहीत टिपायला सांगा.

मग ठिपक्यांचा एक सुटा तुकडा उचलायला लावा. पांढऱ्या दाण्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला आणि फसफसलं, तर कॅल्साइट. काहीच झालं नाही, तर चाकूने ओरखडून बघायचं: ओरखडाच उठला नाही तर बहुधा क्वार्ट्झ, उठला तर झिओलाइट असण्याची शक्यता. भिंगातून आधी बघून अंदाज लिहायचा, मगच थेंब टाकायचा, हा क्रम मोडू देऊ नका. (आम्लाची बाटली शिक्षकाच्याच हातात.) उघड्या कापात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल दगड दिसले तर तिथेही थांबा, कातळाचा मुरूम कसा होतो ते मुलांना तिथे समजतं.

वाघोलीच्या खाणींचं नाव कुणीतरी काढेलच. तिथल्या कॅव्हनसाइट या निळ्या खनिजाची ख्याती मोठी आहे, पण चालू खाणीत नवखी मुलं नेऊ नयेत. टेकडीवरच्या जुन्या खाणीतही पाण्यापासून आणि कड्यापासून लांबच राहायचं. हातोडी घ्याल तर फक्त सुट्या दगडांसाठी; उभ्या कातळावर घाव नको, ती टेकडी सगळ्या शहराची आहे.

टेकडीचा मोठा फायदा म्हणजे परत जाता येतं. सकाळी सातला चढलात तर दहाला कॉलेजात. वहीतल्या नोंदी जुळल्या नाहीत तर पुढच्या आठवड्यात तीच मुलं त्याच दगडापाशी पुन्हा उभी करता येतात. निघोजला हे जमत नाही. त्यामुळे दोन्ही शक्य असतील तर ऑक्टोबरनंतर आधी टेकडी आणि डिसेंबर-जानेवारीत निघोज, असाच क्रम ठेवा.