नाथू ला: गंगटोकहून होणारी एकदिवसीय सहल

गंगटोकला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या यादीत नाथू ला ही भारत-चीन सीमेवरची खिंड हमखास असते आणि बहुतेक प्रवासी एजन्सी ती बर्फ दाखवणारी सहल म्हणून विकतात. आम्ही गंगटोकमधल्या ज्या एजन्सीमार्फत गेलो, तिनेही तेच केले. तिची व्यवस्था बऱ्याच अंशी चांगली होती. मात्र भारत आणि चीन यांच्या सैन्यांमध्ये जिथे तोफा डागल्या गेल्या, तिथे माणसे नेऊन त्याविषयी त्यांना चकार शब्द सांगायचा नाही, ही उणीव मला गंभीर वाटते आणि हे परीक्षण मुख्यतः त्यासाठी लिहीत आहे.

आधी जमेची बाजू. खिंड सोमवारी आणि मंगळवारी पर्यटकांसाठी बंद असते, परदेशी नागरिकांना तिथे प्रवेश नाही आणि भारतीयांनाही परवाना नोंदणीकृत एजन्सीमार्फतच काढावा लागतो. ओळखपत्राच्या प्रती आणि फोटो आदल्या दिवशी दिल्यावर सकाळी निघण्यापूर्वी परवाने हातात होते. सुमारे 55 किलोमीटरच्या या रस्त्यावर काही तासांत साडेआठ हजार फुटांहून अधिक चढ चढावा लागतो, त्यामुळे चालकाचा संयम फार महत्त्वाचा ठरतो. आमचा चालक लष्करी ताफा समोर दिसताच गाडी कडेला घेत होता, वळणावर कुणालाही मागे टाकण्याचा प्रयत्न करत नव्हता आणि सोबतच्या आजींना धाप लागू लागल्यावर त्याने न सांगता गाडी थांबवली. या बाबतीत एजन्सीला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत.

चौदा हजार फुटांवरच्या खिंडीत पोहोचल्यावर मोबाइल गाडीतच ठेवून पायऱ्या चढाव्या लागतात. वर छायाचित्रणाला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पायऱ्या संपल्यावर काटेरी तारेचे कुंपण समोर येते. पलीकडे चीनची इमारत आहे आणि त्यांचे सैनिक इतक्या जवळ दिसतात की त्यांचे चेहरे ओळखता येतात. पलीकडचा उतार चुंबी खोऱ्यात जातो. सिक्कीम आणि भूतान यांच्यामध्ये पाचरीसारखे घुसलेले हे खोरे ईशान्य भारताला उर्वरित देशाशी जोडणाऱ्या सिलिगुडीच्या अरुंद पट्ट्याच्या दिशेने रोखलेले असल्यामुळे भारताने या खिंडीला नेहमीच इतके महत्त्व दिले आहे.

या कुंपणाचा इतिहास कुणीतरी तिथेच सांगायला हवा होता. 1965 च्या भारत-पाकिस्तान युद्धाच्या वेळी चीनने सिक्कीम सीमेवरील ठाणी हटवण्याचा निर्वाणीचा इशारा दिला. तेव्हा शेजारची जेलेप ला ही खिंड भारतीय सैन्याने सोडली, पण नाथू लाची जबाबदारी असलेले मेजर जनरल सगत सिंग यांनी ही खिंड सोडण्यास नकार दिला. (1961 मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी पणजीत शिरलेल्या छत्रीधारी सैनिकांच्या ब्रिगेडचे नेतृत्व त्यांनीच केले होते.) पुढे 1967 मध्ये सीमारेषा स्पष्ट व्हावी म्हणून भारतीय तुकड्या पाणलोटाच्या धारेवर, म्हणजे जिथून पाणी दोन बाजूंना वाहते त्या डोंगरमाथ्यावर, तार बांधू लागल्या. 11 सप्टेंबरच्या सकाळी त्यावरून दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांमध्ये वाद झाला आणि थोड्याच वेळात चिनी मशिनगन सुरू झाल्या. उघड्यावर काम करणारे जवान टिपले गेले. त्यानंतर भारतीय तोफखान्याने उंचावरील निरीक्षण ठाण्यांच्या मदतीने अचूक मारा केला आणि ही लढाई 14 तारखेपर्यंत चालली. 1 ऑक्टोबरला जवळच्या चो ला येथे पुन्हा चकमक झाली. 1962 च्या पराभवानंतर अवघ्या पाच वर्षांत भारतीय सैन्य आपल्या जागेवरून हलले नाही, हे या खिंडीचे खरे मोल आहे.

विशेष म्हणजे सिक्कीमची सीमा 1890 च्या ब्रिटिश-चीन करारात पाणलोटाच्या तत्त्वावर वर्णन केलेली असल्याने लडाख किंवा अरुणाचलच्या तुलनेत इथे वाद कमी आहे. तरीही रक्त सांडले. मग जिथे रेषा कुठून जाते यावरच एकमत नाही, अशा लडाखमधील गलवान खोऱ्यात जून 2020 मध्ये आपले 20 जवान का गेले, ते इथे उभे राहिल्यावर अधिक नीट कळते.

आमच्या चालकाने बाबा हरभजन सिंग मंदिरापाशी सांगितले की बाबा 1967 च्या लढाईत लढताना पडले. ही चूक इथे वारंवार ऐकू येत असावी. त्या लढाईत वीरमरण आलेले आणि महावीर चक्राने गौरवलेले हरभजन सिंग हे राजपूत रेजिमेंटचे मेजर होते. ज्यांचे मंदिर आहे ते पंजाब रेजिमेंटचे शिपाई होते आणि त्यांचा मृत्यू 1968 मध्ये झाला. श्रद्धेला माझा आक्षेप नाही, पण एका हुतात्म्याचे नाव दुसऱ्याच्या कथेत विरून जाणे बरे नव्हे. चालकाला दोष देण्यात अर्थ नाही. एजन्सीने एक पानभर माहितीपत्रक दिले असते तरी पुरले असते.

वेळेची विभागणी ही दुसरी तक्रार. छांगू तलावाकाठी याकच्या सवारीसाठी आणि गरम कपड्यांच्या दुकानांसाठी भरपूर वेळ दिला गेला, खिंडीत मात्र अर्ध्या तासातच परतण्याची घाई सुरू झाली. स्मारकावरील नावे धड वाचूनही झाली नाहीत. वाटेत शेराथांगचा व्यापारी बाजार लागतो. 2006 मध्ये सुरू झालेला सीमाव्यापार 2020 मध्ये थांबला आणि तो पुन्हा सुरू करण्याचे दोन्ही सरकारांनी ऑगस्ट 2025 मध्ये मान्य केले. तिथे पाच मिनिटे थांबण्याची विनंतीही मान्य झाली नाही.

एवढे असूनही नाथू लाला जरूर जावे. नोंदणी करताना खिंडीत किमान एक तास मिळेल का, ते आधी विचारावे आणि ठोस उत्तर मिळाले नाही तर दुसरी एजन्सी पाहावी. हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, लहान बाळांना नेऊ नये आणि गंगटोकमध्ये पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी लगेच ही सहल ठेवू नये.