कायमची दाढ अडकली: थांबायचं, ढकलायची, की दुधाची दाढ काढायची?

सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. त्यासाठी कुठलाही दुधाचा दात पडत नाही, म्हणून ती आल्याचं घरात कळतही नाही. कधीकधी ती पुढे कलते आणि शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मुळाशी रुतते. वरच्या जबड्यात हे जास्त होतं. सहसा दुखत नाही, त्यामुळे बहुधा एक्स-रेतच सापडतं.

मूल सहा-साडेसहाचं आणि दुधाची दाढ धडधाकट असेल, तर मी थांबेन. तीनपैकी साधारण दोन मुलांची दाढ आपोआप सुटते, तीही बहुतेक सातव्या वर्षापर्यंत. मात्र तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढायचाच. तो चुकवला तर ते थांबणं नव्हे, दुर्लक्ष. आठव्या वर्षी मात्र वाट पाहण्यात फारसा अर्थ उरत नाही.

दाढ थोडीच अडकली असेल तर दोन दाढांमध्ये रबरी सेपरेटर, म्हणजे त्यांना अलग करणारं छोटं कडं, बसवतात. स्वस्त, सोपं, पण ते निसटतं, क्वचित हिरडीखालीही जातं. पितळी तार जास्त घट्ट धरते. ती घालताना बधिर करावं लागू शकतं आणि अधूनमधून पिळायला जावं लागतं. दाढ बरीच रुतली असेल तर दुधाच्या दाढेभोवती धातूची पट्टी, तिला मागे आकडा, आणि कायमच्या दाढेवर चिकटवलेल्या बटनापासून आकड्यापर्यंत रबराची साखळी. ही जोडणी दाढेला मागे खेचते. खर्च जास्त, पण काम भरवशाचं. अट एकच: बटन चिकटवण्यापुरती तरी दाढ हिरडीबाहेर दिसायला हवी. आणि तेवढे महिने जत्रेतलं खाजं बंद!

फेऱ्यांचाही हिशेब करा. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे आणि सरकारी असल्यानं खर्च आटोक्यात राहतो. पण गोव्याच्या टोकांना असलेल्या काणकोण किंवा पेडण्याहून प्रत्येक वेळी साखळी बदलायला जायचं म्हणजे शाळेचा एक दिवस गेलाच. तिथल्या पालकांनी तपासणी बांबोळीला करून पुढच्या फेऱ्या जवळच्या दवाखान्यात होतील का, हे विचारावं.

दुधाची दाढ काढणं सर्वांत झटपट वाटतं, म्हणूनच त्याचा मोह होतो. मुळं खूप झिजली असतील, पू झाला असेल किंवा दाढ हलत असेल तर ती काढावीच लागते. एरवी मी हा पर्याय शेवटी ठेवीन, कारण मोकळ्या जागेत कायमची दाढ पुढे घसरते आणि दहा-बारा वर्षांच्या वयात तिथे येणाऱ्या उपदाढेला (दुधाच्या दाढेच्या जागी येणाऱ्या कायमच्या दाताला) जागाच उरत नाही. मग ब्रेसेस आल्या. काढायचीच ठरली, तर मुलाला खुर्चीत बसवण्याआधी डॉक्टरांना विचारा: ही जागा कशानं राखणार, आणि ते कधी बसवणार?