नाथसागरावरचे थवे : ४०० फिक्स की १५०-६०० झूम?

दिवाळीनंतर नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचं, पाणी ओसरायला लागतं, गाळपेराच्या (पाणी हटल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरलेल्या जमिनीच्या) कडेला चिखल उघडा पडतो आणि त्यावर शेकाटे, पाणटिवळे, तुतवार, टिलवे असे चिखलात चरणारे पक्षी उतरतात. एकट्या पक्ष्यासाठी मोठी लेन्स केव्हाही बरी. थव्याचं गणित मात्र निराळं आहे.

तुलनेला कॅननची ईएफ ४०० एफ/५.६ (फिक्स, म्हणजे एकाच नाभीय अंतराची) आणि सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी (झूम) घेऊ, दोन्ही एकाच क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरच्या) कॅनन बॉडीवर. हे आकडे नाभीय अंतराचे, मिलिमीटरमध्ये; आकडा मोठा तितका पक्षी जवळ दिसतो. थवा पन्नास मीटरवर असेल तर ४०० च्या चौकटीत रुंदीला जेमतेम २.८ मीटर जागा येते, म्हणजे एका ओळीत, बाजूने दिसणारे सहा-सात शेकाटे. ६०० ला हीच जागा १.९ मीटर होते, १५० ला तब्बल ७.४. फिक्स लेन्स असली आणि थवा अचानक पसरला, तर मागे सरकायचं कुठे? पाठीशी काळ्या मातीचा राडा, गुडघ्याला चिखल.

नव्या माणसाचं चुकतं ते फोकसच्या खोलीत, म्हणजे पुढून मागे किती पट्टा स्पष्ट येतो त्यात. पन्नास मीटरवर एफ/८ ला (एफचा आकडा लेन्सच्या छिद्राचा; आकडा वाढला की छिद्र लहान, पट्टा रुंद), ४०० वर पुढचा-मागचा मिळून पावणेपाच मीटरचा पट्टा स्पष्ट येतो. ६०० वर फक्त दोन मीटरचा. पुढचा शेकाट्या धारदार आणि मागचे चार धूसर, हा फोटो लेन्सच्या दोषाने बिघडलेला नसतो. एफ/११ केलं तरी ६०० ला तीन मीटरच्या आतच राहावं लागतं. म्हणून फोकस थव्याच्या अगदी पुढच्या पक्ष्यावर न धरता किंचित मागच्या पक्ष्यावर धरा, आणि जमिनीलगत बसून पक्षी एका रेषेत येईपर्यंत थांबा. झूम घेतली तरी थव्यासाठी ती बहुतेक वेळ ३००-४५० च्या दरम्यानच राहील, हे विकत घेण्याआधीच मनाशी धरा.

मग फिक्स कुणी घ्यावी? उडते थवे टिपायची हौस असलेल्याने. वजन सव्वा किलो, झूम १.९ किलोच्या पुढे, तासाभरात मनगट बोलायला लागतं. उडत्या थव्याला शटर १/२००० ला नेता, तेव्हा ४०० ला स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) नाही याचं काही बिघडत नाही. पहाटेच्या अंधुक उजेडात मात्र बिघडतं. तेव्हा लेन्स टेकवायला ज्वारी भरलेली पिशवी हवीच. (पिशवी दोन तृतीयांशच भरा, गच्च भरली तर लेन्स तिच्यावर बसत नाही, घरंगळते.)

झूमची नळी बाहेर येते-जाते. गाळपेर वाळलं की इथली बारीक धूळ त्या सांध्यात शिरते. लेन्स मिटण्याआधी नळीवर मऊ ब्रश फिरवा. फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब उडतात.

काळा चिखल चौकटभर असला की कॅमेरा फोटो उजळ करतो आणि शेकाट्याचं पांढरं पोट जळून जातं, पिसांचा तपशीलच उरत नाही. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) उणे ०.७ वर ठेवा. हे दोन्ही लेन्सना सारखंच. फेब्रुवारीपासून सकाळी नऊनंतर चिखलावर हवा थरथरू लागते, तेव्हा ६०० चा उपयोग फक्त ती थरथर मोठी करून दाखवायला होतो.

एकच लेन्स परवडत असेल तर झूम घ्या. वापरलेली ४०० चांगल्या अवस्थेत मिळाली आणि उडते थवेच हवे असतील, तरच फिक्सकडे वळा.